सुईचं भेव

प्रमोद गजभिये खुर्चीवरून खाली घसरले तेव्हा माझ्या हातात फक्त एक फोटो होता. फोटोत एक दंड होता आणि त्या दंडात इंजेक्शनची सुई. रक्ताचा थेंबही नव्हता. त्यांनी तो फोटो पाहिला, कपाळावर घाम आला, चेहरा पांढरा पडला, आणि सहा फुटांचा तो माणूस माझ्या क्लिनिकच्या फरशीवर आडवा झाला.

मी त्यांचे पाय उचलून खुर्चीवर ठेवले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"पडलो का मी?"

"हो."

"तुमाले तं नाही ना लागलं कुठं?"

पडले ते, आणि विचारत होते मला.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. म्हणजे गोळ्या-औषधं देत नाही. बोलून आणि सराव करवून घेऊन उपचार करते. नागपुरात धंतोलीला माझं क्लिनिक आहे. येणारी माणसं चारचौघांसारखीच असतात. कुणाला झोप लागत नाही, कुणाची काळजी थांबत नाही, कुणी लिफ्टमध्ये पाय ठेवू शकत नाही. सुईची भीतीसुद्धा नवलाची नाही. पण प्रमोदना त्यांच्या बायकोला किडनी द्यायची होती. (दोघांची नावं बदलली आहेत. ही हकीकत लिहायला दोघांचीही परवानगी आहे.)

त्यांना माझ्याकडे पाठवलं किडनीच्या डॉक्टरांनी. त्यांना आपण डॉ. पाठक म्हणू. त्यांचा फोन आला होता.

"डोनर उत्तम आहे. ब्लड ग्रुप जुळतो, तब्येत ठणठणीत. फक्त सॅम्पल घ्यायला गेलं की पडतो. दोनदा पडला. असा माणूस मी ऑपरेशन टेबलपर्यंत नेऊ कसा?"

"पेशंटची तब्येत कशी आहे?"

"डायलिसिसवर आहेत, पण उतरत चालल्यात. फार वेळ देता येणार नाही."

डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीननं करणं. अंगातलं रक्त नळीतून बाहेर काढायचं, मशीनमध्ये गाळायचं, परत अंगात सोडायचं. प्रमोदच्या पत्नी सुनीताताई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. शाळा सांभाळून त्या आठवड्यातून तीनदा हे करून घेत होत्या. घरात दुसरा डोनर नव्हता. सुनीताताईंच्या आईला शुगर, भावाचा ग्रुप जुळत नव्हता.

प्रमोद हिंगण्याच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर काम करायचे. पत्र्याच्या जड शीट उचलणारे हात. तरुणपणी कबड्डी खेळलेले. त्यामुळे हा माणूस सुईला घाबरून पडतो, हे कुणाला पटतच नव्हतं. सुनीताताईंच्या भावानं तर तोंडावर म्हटलं होतं, "शीटा उचलते अन् सुईले भेते? द्यायची नसन तं सरळ सांगा ना भाऊजी." आणि सुनीताताईंनी स्वतः डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, "त्यांना पुन्हा विचारू नका. त्यांच्या अंगात ते नाही."

भावाचं बोलणं त्यांनी मला सांगितलं. बायकोचं बोलणं त्यांना माहीत नव्हतं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. भीती वाटली की छाती धडधडते आणि बीपी वाढतं. वाढलेल्या बीपीत माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. लिफ्टला घाबरणाऱ्याला आपण आता पडणार असं वाटतं, पण तो पडत नाही. रक्ताची आणि सुईची भीती याला अपवाद. तिच्यात बीपी आधी चढतं आणि मग एकदम कोसळतं. डोक्याला रक्त कमी पडतं आणि माणूस खरोखर पडतो. त्यात नाटक नसतं. पुष्कळदा ही गोष्ट घराण्यात चालत आलेली असते.

हे ऐकून प्रमोद म्हणाले, "आमचे बाबाही पडत. लोकं म्हणत, ऊन लागलं."

अशा माणसाला सगळे एकच सल्ला देतात. रिलॅक्स व्हा, लांब श्वास घ्या. या एका भीतीत तो उलटा पडतो. अंग सैल सोडलं की बीपी आणखी उतरतं. म्हणून आम्ही अंग आवळायला शिकवतो. मांड्या, पोट, दंड घट्ट आवळायचे. चेहरा गरम वाटू लागला की सोडायचं, पण पूर्ण ढिलं नाही. पुन्हा आवळायचं. ज्या हातात सुई जाणार तेवढा हात मोकळा ठेवायचा.

"म्हणजे कबड्डीत रेडर अंगावर आला की आपण कोपऱ्यात दबून उभे राहतो, तसं?" त्यांनी विचारलं.

"अगदी तसं."

मी त्यांच्या दंडाला बीपीचं मशीन बांधलं आणि आवळायला सांगितलं. पडद्यावरचा आकडा चढला. त्यांनी सोडलं, आकडा उतरला. पुन्हा आवळलं, पुन्हा चढला. ते आकड्याकडे बघत राहिले.

"हे मले करता येते?"

"आत्ता तुम्हीच केलं."

त्या दिवसापासून ते कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, जमेल तिथे सराव करायला लागले. बसमध्ये शेजारी बसणारा एकदा म्हणाला, "पोट दुखून राहिलं का गा?" हे सांगताना ते पहिल्यांदा हसले.

मग शिडी. भीतीकडे एकेक पायरी चढत जायचं, आणि खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची घ्यायची नाही. आधी फोटो. मग झाकण लावलेली सिरिंज हातात घ्यायची. मग रक्त काढतानाचा व्हिडिओ. मग लॅबमध्ये नुसतं जाऊन बसायचं. प्रत्येक पायरीला त्यांचा चेहरा पांढरा पडायला लागायचा, आणि प्रत्येक वेळी ते आवळून रंग परत आणायचे. मी समोर बसून ते बघायचे. ताप उतरावा तशी ही भीती आपोआप उतरत नव्हती. दर वेळी तेवढ्याच जोरानं येत होती, आणि दर वेळी त्यांना ती नव्यानं ढकलावी लागत होती.

पुढची पायरी त्यांनीच सुचवली.

"सुनीताच्या डायलिसिसले जाऊन पाहू का?"

"आजवर आत गेलाच नाहीत?"

"गेटवर सोडतो अन् पार्किंगमध्ये बसतो. तिले वाटत असन, याले काही पडलीच नाही."

डॉक्टरांची परवानगी काढून मी त्यांच्याबरोबर गेले. दारात चपलांवर घालायला निळी कव्हरं दिली. आत मशीनची ओळ होती, आणि प्रत्येक मशीनला लालभडक नळ्या. प्रमोद दारातच थांबले. मुठी आवळल्या. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मग ते चालायला लागले. दोन पावलं टाकायची, थांबायचं, आवळायचं, पुन्हा दोन पावलं. सुनीताताईंच्या पलंगापर्यंत ते असे गेले.

त्यांना बघून सुनीताताईंनी मान उचलली.

"तुम्ही इथं काहून आले?"

"बसाले आलो."

"पडसान."

"पडलो तं पडलो. पलंग आहेच इथं."

त्यांच्या पायांकडे बघत त्या म्हणाल्या, "पायातलं कव्हर उलटं घातलं तुम्ही."

एवढंच बोलणं झालं. प्रमोद स्टुलावर बसले. मध्येच आवळत, मध्येच नळ्यांकडे बघत. थोड्या वेळानं मी सुनीताताईंकडे पाहिलं तर त्या झोपल्या होत्या. सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, या कधीच झोपत नाहीत. नळी सुटेल म्हणून चार तास डोळे उघडे ठेवून असतात."

आता काम होणार असं मला वाटलं. त्याच आठवड्यात ते पुन्हा पडले.

क्रॉसमॅचसाठी, म्हणजे एकाची किडनी दुसऱ्याचं शरीर स्वीकारेल का हे बघण्यासाठी रक्त द्यायचं होतं. मी तिथे नव्हते. टेक्निशियन चांगला मुलगा होता. त्यानं यांच्या आवळलेल्या मुठी पाहिल्या आणि प्रेमानं म्हटलं, "काका, रिलॅक्स. एकदम ढीला छोडो. लंबी साँस लो." प्रमोदनी सांगितल्याप्रमाणे अंग सोडलं. सुई टोचायच्या आत ते बेशुद्ध होते.

डॉ. पाठकांचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"मॅडम, या माणसाच्या अजून कितीतरी टेस्ट आहेत. पुढे ऑपरेशन, सलाईन, टाके. मला एकच सांगा. याला खरंच द्यायची आहे का? की घरच्यांपुढे नाही म्हणता येत नाही, म्हणून शरीर नाही म्हणतंय?"

प्रश्न रास्त होता. किडनी देणाऱ्यावर दबाव नाही ना, हे बघणं आम्हा सगळ्यांचंच काम असतं. त्याची अधिकृत तपासणी दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी करायची होती. थेरपी करणाऱ्यानं आपल्याच पेशंटचं सर्टिफिकेट देऊ नये. पण बोलणं मला भाग होतं.

मी प्रमोदना एकट्याला बोलावलं.

"तुम्हाला एक गोष्ट सांगते. डोनरला कुठल्याही दिवशी माघार घेता येते. ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा. आणि कारण घरी सांगावं लागत नाही. डॉक्टर एवढंच सांगतात की डोनर म्हणून हे योग्य नाहीत. तुमच्या मेव्हण्याला कळणार नाही. सुनीताताईंनाही नाही."

"तिलेही नाही?"

"नाही."

ते खिडकीकडे बघत बसले. कूलरचा आवाज चालू होता. खरं सांगायचं तर त्यांनी माघार घेतली असती तरी माझा त्यांच्याबद्दलचा आदर कमी झाला नसता.

"मॅडम," ते सावकाश म्हणाले, "तुमचा घोळ होऊन राहिला. मले भेव सुईचं आहे, देण्याचं नाही."

ते खिडकीकडून माझ्याकडे वळले.

"किडनी काढून घेतील, त्याचं मले काहीच वाटत नाही. झोपेत काढतील. फक्त सुई पाहिली की अंग ऐकत नाही. ते ऐकत नाही तं त्याले ओढत नेऊ. पण दार बंद नका करू."

मी डॉ. पाठकांना फोन करून रक्त द्यायची नवी तारीख मागितली.

पुढच्या वेळी मी लॅबमध्ये हजर होते, पण माझी गरज पडली नाही. प्रमोद टेबलावर आडवे झाले आणि त्याच मुलाला म्हणाले, "बेटा, मले रिलॅक्स नको म्हणू. माझा मामला उलटा आहे. मी आवळतो, तू तुझं काम कर." मुलगा गोंधळला. मी मान हलवली. प्रमोदनी उजवी मूठ, मांड्या, पोट आवळलं. चेहरा लाल झाला. डावा हात मात्र मोकळा, नुसता उशीवर ठेवावा तसा. सुई गेली. ट्यूब भरली. ते शुद्धीवर होते.

त्यानंतर एकेक टेस्ट झाली. अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या कमिटीची मुलाखत झाली. प्रत्येक सुईला तीच लढाई. एकही सुई सोपी गेली नाही.

आणखी एक तयारी राहिली होती. ऑपरेशननंतर पोटाला टाके असतात, म्हणजे पोट आवळता येणार नाही. आम्ही फक्त मुठी आणि पिंढऱ्यांवर बीपी चढवायचा सराव केला. मशीनचा आकडा कमी चढायचा, पण चढायचा.

ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलनं मला तयारीच्या खोलीत थांबू दिलं. सलाईनची सुई लावायची होती. ती साध्या सुईपेक्षा जाड असते. सिस्टर म्हणाली, "काका, तिकडे बघा."

"नाही, पाहतो."

नजर फिरवली की भीती आणखी वाढते, हे मी त्यांना शिकवलं होतं. पण शिकवणं वेगळं, ते होताना बघणं वेगळं. मी त्यांचा चेहरा बघत होते. ओठ पांढरे झाले. पिंढऱ्या आवळून ताठ झाल्या होत्या. सगळं शरीर पूर्ण ताकदीनं नको म्हणत होतं. आणि तो माणूस डोळे उघडे ठेवून, हात न हलवता, सुई आत जाताना बघत होता. या व्यवसायात मी पुष्कळ वर्षं आहे. शरीर आणि माणूस इतके वेगळे मी कधी पाहिले नव्हते. मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

"झालं, काका," सिस्टर म्हणाली.

"झालं?" त्यांनी विचारलं. "मग आता झोपवा."

किडनी बसली आणि लगेच काम करायला लागली. सुनीताताई काही महिन्यांनी शाळेत परतल्या. आता त्यांना जन्मभर गोळ्या आहेत, तपासण्या आहेत, पण मशीन नाही. मेव्हण्यानं माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. प्रमोद म्हणाले, ऑपरेशननंतर तो रोज डबा घेऊन यायचा.

प्रमोदची भीती गेली का? नाही. दर वर्षी डोनरची तपासणी असते आणि दर वर्षी ते घामाघूम होतात. मागच्या वेळी लॅबमधून बाहेर पडून त्यांनी मला फोन केला. "यंदाही भेव वाटलं," म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं.

आता माझ्याकडे कुणी "मला हे जमत नाही" म्हणत आलं की मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारते. भीती वाटते का? आणि करायचं आहे का? घरचे, डॉक्टर, कधी कधी तो माणूस स्वतः, पहिल्याचं उत्तर ऐकून दुसऱ्याचंही धरून चालतात. विचारायला अर्धं मिनिट लागतं. दोन्हींना "हो" असं उत्तर आलं, तर काम सुरू करता येतं.