मागच्या स्पीकरमधला आवाज

त्या दुपारी घरात आम्ही तिघंच होतो: मी, बायको आणि शेजारचे मिस्त्रीचाचा. चाचा सुतारकाम करतात. मागच्या दोन स्पीकरसाठी सागाचे स्टँड त्यांनीच करून दिले होते, म्हणून पहिल्यांदा ऐकायचं ते त्यांच्यासोबतच, असं मी ठरवून ठेवलं होतं.

टेलिफोनच्या नोकरीत माझा जन्म तारा जोडण्यात गेला. निवृत्त होऊन रिसोडला घरी बसलो तरी हात स्वस्थ बसेनात. जुन्या डिस्क एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि नेटवर्क प्लेयरवर वाजवायच्या, असा नाद लागला. प्लेयर म्हणजे वहीएवढा काळा डबा. घरातल्या वायफायवरून तो कॉम्प्युटरमधलं गाणं ओढून घेतो आणि अॅम्प्लिफायरला देतो. बाकीच्या डिस्क दोन स्पीकरवर वाजणाऱ्या, साध्या. एकच वेगळी होती, बायकोच्या गाण्याची.

पंधराएक वर्षांपूर्वी वाशिमला शिक्षकांचा कार्यक्रम झाला होता. बायको तेव्हा शाळेत शिकवायची. तिनं स्टेजवर गझल गायली. रेकॉर्डिंग करणारा अमरावतीचा, मोठा हौशी माणूस. त्यानं स्टेजवर तीन माइक लावलेच, शिवाय टाळ्या नीट पकडता याव्यात म्हणून हॉलच्या शेवटी दोन कोपऱ्यांत आणखी दोन टांगले. डिस्कवर आवाज दोन तऱ्हांनी भरला: एक टीव्हीसाठी साधा, फक्त स्टेजवरचा; दुसरा पाच स्पीकरचा, मागच्या दोन माइकसकट. साधा आम्ही कितीदा ऐकला त्याची गणती नाही. पाच स्पीकर घरात नव्हतेच.

मी त्या कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत बसलो होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं, "मागचे सारे वाहवा करून राह्यले होते. मी म्हटलं, माही मंडळी हाय." पुढे हेच मी पाव्हण्यारावळ्यांना सांगत आलो. सांगताना आपण खोटं बोलतोय असं मला एकदाही वाटलं नाही. ही गोष्ट मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

यंदा पाच स्पीकर जमले. त्या दुपारी पहिल्यांदा लावलं तर पेटी आली, तबला आला, पण गाणारीच नाही.

"माहा आवाज कुठी गेला?" बायको म्हणाली.

तिचा आवाज मधल्या स्पीकरचा होता आणि प्लेयर दोनच बाजू पाठवत होता. मी सेटिंग बदललं. यावेळी आवाज असा आला की चाचांच्या हातातला कप तोंडापाशीच थांबला. बायको समोर उभी राहून गातेय असं वाटत होतं. ती खुर्चीत ताठ बसली होती, डोळे मिटून.

पहिला शेर संपला आणि मागच्या डाव्या स्पीकरमधून एक पुरुषी आवाज आला, अगदी कानाशी. "मास्तरीन हाय का कोन हाय ही? असली गानी? घरचे काई म्हनत नाही का इले?"

कुणीतरी हसलं. मग तोच आवाज पुन्हा म्हणाला, "तुमच्या रिसोडचीच हाय ना हो? वळखता का?"

आणि उत्तर आलं, "असंल. मी नाही वळखत."

तो आवाज माझा होता.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, खोलीतच कुणी बोललं. रिमोट हातात होता पण बटण सापडेना. गाणं चालूच होतं. चाचांनी कप खाली ठेवला. "भाऊ, मी निघतो. नमाजचा टाइम झाला," म्हणाले. नमाजला अजून तासभर होता.

बायकोनं डोळे उघडले.

"हा आवाज तुमचाच ना?"

मी मान डोलावली.

"पुन्हा लावा."

"कायले?"

"लावा म्हटलं ना."

मी पुन्हा लावलं. तिनं मान किंचित डावीकडे वळवून ऐकलं, वर्गात पाठांतर ऐकायची तसं. मग उठून आत गेली. मला त्या रांगेतला तो माणूस आठवेना, खुर्ची आठवेना, मी बोललेलं आठवेना. मला आठवत होती ती फक्त मी स्वतः रचलेली वाहवा.

दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडताना म्हणाली, "मी स्टेजवरून पाह्यलं होतं तुमाले. खाली मान घालून बसले होते. मले वाटलं, आयकून राह्यले."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"गानं वाईट झालं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही. चांगलंच झालं होतं."

"मंग?"

"त्या मानसाले हो म्हनायची हिंमत नाही झाली."

"माही लाज वाटली?"

मी हो म्हणालो. इतक्या वर्षांनी तिला दुसरं काही सांगणं मला जमलं नसतं.

ती मेथीच्या काड्या मोडत राहिली. थोड्या वेळानं मी म्हणालो, "मागच्या दोन बाजू कॉम्प्युटरवरून काढून टाकता येतात. गानं तसंच राहील."

"काऊन काढाच्या?" ती फटकन बोलली. "मी त्या हॉलमधे गायली. तितं जे होतं ते होतं. राहू द्या."

पुढच्या महिन्यात तिची बहीण रिठदहून आली. चहा झाल्यावर बायकोच म्हणाली, "इले ते गानं आयकवा. पाचई स्पीकर लावा."

मी प्लेयर चालू केला, पण गाणं लावलं नाही. मेहुणीला आधीच सगळं सांगितलं: मागून कोण बोलतं, काय बोलतं, आणि मी तिला, साऱ्यांनाच, इतकी वर्षं काय सांगत होतो. मेहुणी माझ्याकडे पाहतच राहिली, मग बहिणीकडे पाहू लागली.

"भाऊजी, तुमी असं म्हनले?"

"म्हनले," बायको म्हणाली. "आता गानं आयक."

तिनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलेलं नाही. मी गाणं लावलं आणि दोघींच्या मागे, डाव्या स्पीकरजवळ जाऊन बसलो.