कोरडा रिॲक्टर

नव्वदचे दशक संपत आले होते. वालीवच्या एका लहान कारखान्यात मी केमिस्ट होतो. अमाइन आणि इपॉक्साइड ही दोन रसायने रिॲक्टरमध्ये, म्हणजे मोठ्या बंद भांड्यात, एकत्र तापवून आम्ही रंगाच्या कारखान्यांसाठी माल बनवत असू. प्रत्येक बॅचपूर्वी रिॲक्टर धुऊन पूर्ण कोरडा करावा, हा नियम प्रोसेस शीटवर मीच लिहिला होता. पाणी फार राहिले तर माल नासतो.

रिॲक्टरवरचा ऑपरेटर चिंचोटीचा, भातशेती करणाऱ्या घरातला. त्याच्या हातची एकही बॅच परत आली नव्हती. मात्र धुतल्यावर तो तळाशी थोडी ओल ठेवी. त्याबद्दल मी त्याला दोन मेमो दिले होते. तिसऱ्यांदा पकडले तेव्हा विचारले, "वाचता येते ना तुला?"

"येते, साहेब. पन पार सुका केला तर बॅच चालत नाय. थोडा पानी लागते."

"केमिस्ट कोण? तू की मी?"

"तुम्हीच, साहेब. मी फकस्त बॅच काढतो."

बाकीचे हसले. ते हसले म्हणून मी तिसरा मेमो दिला. तीन मेमो म्हणजे नोकरी गेली.

नव्या माणसाने शीटप्रमाणे रिॲक्टर कोरडा ठणठणीत केला. सहा तासांची बॅच सोळा तासांनीही अर्धी कच्ची होती. आम्ही कच्च्या मालाला दोष दिला, पिंपे बदलली. तिसरी बॅचही तशीच गेली, तेव्हा मी प्रयोगशाळेत दोन फ्लास्क लावले. एक कोरडा, दुसऱ्यात पाण्याचे चार थेंब. दुसऱ्यातली अभिक्रिया जेवणाच्या सुट्टीपर्यंत पूर्ण झाली.

कारण साधे होते. पाण्याचा रेणू इपॉक्साइडच्या ऑक्सिजनला धरतो, त्यामुळे तिथले अणूंचे कडे सैल पडते आणि अमाइनला वाट मिळते. एका बाजूने हायड्रोजन घ्यायचा, दुसऱ्या बाजूने द्यायचा. स्वतः मात्र होता तसा सुटायचे. एवढे मला ठाऊक असायला हवे होते.

मालकांना सांगितले.

"शीट बदला," ते म्हणाले.

"आणि तो माणूस?"

"त्याला परत घेतला तर उद्या जो तो तुम्हाला केमिस्ट्री शिकवेल."

मी शीट बदलली आणि खाली सही केली.

महिन्याभराने शेजारच्या कारखान्यातून फोन आला. ऑपरेटर तिथे कामासाठी गेला होता आणि चौकशीसाठी त्याने माझे नाव दिले होते. मालक समोर बसले होते.

"माणूस कसा आहे?"

"फाईलमध्ये तीन मेमो आहेत," मी म्हणालो.

"कशाबद्दल?"

"रिॲक्टर ओला ठेवल्याबद्दल."

"मग नको, बाबा."

दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी उभा होता. "साहेब, तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"कागदावर आहे तेच."

त्याने मान हलवली आणि निघून गेला. पुढे वालीवमध्ये त्याला कुणी घेतले नाही. तो कामणच्या बाजूला दगडाच्या खाणीत लागल्याचे कळले. शीट बदलली आहे, हे मी त्याला सांगितले नाही.