जुना सर्व्हर काढताना

बारा वर्षं घरी काढून सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा नोकरीला लागले, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. "जमलं तर ठिवू," मालक म्हणाले होते. ऑफिस धायरीत, त्यांच्या वडिलांचं कांद्याचं वावर होतं तिथेच बांधलेल्या इमारतीत. मार्केट यार्डातल्या गाळ्यांवर कुठल्या गाडीतून किती माल उतरला, हे नोंदवणारा प्रोग्राम आम्ही बनवत असू.

त्या प्रोग्राममधली कुठली ओळ कुणी, कधी आणि का बदलली, याचा पंधरा वर्षांचा इतिहास लिनक्सच्या एका मशीनवर बसवलेला सर्व्हर, म्हणजे एक सॉफ्टवेअरच, सांभाळत होता. तो आता जुनापुराणा झाला होता. त्याच मशीनवर नवा बसवायचा, इतिहास त्यात हलवायचा आणि मग जुना काढायचा, हे काम माझ्या गळ्यात पडलं. तरुण मंडळींपैकी कुणालाच ते नको होतं.

नवा सर्व्हर बसला, पण सुरू होईना. दोघांनाही एकच पोर्ट, म्हणजे मशीनमध्ये ये-जा करायचं एकच दार, हवं होतं. एका म्यानात दोन तलवारी राहतात कधी? म्हटलं, जुना आधी काढू. इतिहास डिस्कवर राहीलच.

काढायचे दोन प्रकार असतात. एकात नुसता प्रोग्राम जातो, दुसऱ्यात त्याचं नामोनिशाण पुसलं जातं. भांडी घासली की ओटा आणि ओटा पुसला की गॅसखालची फरशी, असा माझा स्वभाव. मी दुसरा प्रकार निवडला. मशीनने विचारलं, याचा डेटाही काढू का? वाचलं न वाचलं आणि 'हो' दाबलं. सगळा इतिहास त्याच फोल्डरात होता. रोजच्या बॅकअपची नक्कलसुद्धा कुण्या शहाण्याने तिथेच ठेवलेली.

कांद्याच्या वजनातून गोणीचं वजन का आणि किती वजा करायचं, असली कारणं तिथेच लिहिलेली होती आणि ती लिहिणारी माणसं केव्हाच नोकरी सोडून गेली होती. बाकीच्यांच्या मशीनवर होती ती फक्त आजची प्रत. खरं सांगते, पर्स उचलून गुपचूप बसस्टॉप गाठावा असं वाटलं. पण मालकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, त्यानेच मला जास्त भीती वाटली.

"ज्यांनी त्यो सर्व्हर बसवला, त्यांना फोन लावा," एवढंच म्हणाले.

ते गृहस्थ निवृत्त होऊन मंडईजवळ राहत. दर शनिवारी चहाला म्हणून ऑफिसात येत. घरी करमत नसेल, असं आम्ही समजायचो. मी फोन लावून अडखळत झाला प्रकार सांगितला.

"मशीनने विचारलं होतं ना?"

"हो."

"आपण वाचलं होतं?"

"नाही."

"छान. अहो, तुमचा तो चहा प्यायला कोण येतंय इतक्या लांब? दर शनिवारी मी इतिहासाची नक्कल घरी आणतो. मी निवृत्त झाल्यावर कुणीतरी तो उडवणारच होतं. कोण, एवढंच कळायचं बाकी होतं."

मी फोनवरच रडले. त्यांनी ते ऐकू आलंच नाही असं दाखवलं आणि रिक्षा करून या म्हणाले.

दुपारी त्यांच्याकडून डिस्क आणली. नव्या सर्व्हरवर एकेक नोंद चढत गेली आणि शेवटची चढेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. शनिवारनंतर जे काही बदललं होतं, ते पोरांनी कुरकुरत आपापल्या मशीनवरून पुन्हा भरलं.

संध्याकाळी मालक माझ्या टेबलापाशी आले. मी नोकरीवर पाणी सोडलेलंच होतं.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात दुसरा सर्व्हर पण काढायचा हाय. तुमीच काढा."

"मी?"

"मग कोण? बाकीच्यांनी आजवर काय उडवलं नाय. मला त्यांचीच भीती वाटती."