बाहेरच्या खिळ्याचा पेला

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की बहात्तरच्या दुष्काळात नगरच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मानवजातीच्या एकोप्यावर संशोधन झाले आणि ते एका पोचा पडलेल्या पितळी पेल्याने तडीस नेले. वाचकांनी उभे राहण्याची गरज नाही.

मी कर्जतकडचा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. पहिल्या दिवशी मेसमध्ये शिरलो तर आतल्या भिंतीवर पेले टांगलेले, प्रत्येकाचा एक खिळा. एक मोकळा दिसला, त्यावर माझा अडकवला. आईने चिंचेने घासून दिलेला. मेसचा सेक्रेटरी म्हणजे बागायती पट्ट्यातला, मिशीला पीळ देणारा गडी. त्याने माझा पेला दोन बोटांनी उचलला आणि अंगणात भिरकावला.

"तुमचा खिळा भायेर हाय," म्हणाला आणि जेवायला बसला.

पेल्याला काठाखाली पोचा आला. बाहेर मोरीवर आधीच दोन पेले लटकत होते, माझा तिसरा. माठाला हात लावायचा नाही. कुणी वरून ओतेल तेव्हा प्यायचं.

पुढच्या वर्षी समाजशास्त्राच्या सरांनी ठरवलं, की निरनिराळ्या जातींची मुलं वसतिगृहात एकत्र कशी राहतात याचा अभ्यास करायचा. अक्षर बरं म्हणून लिहून घ्यायला मला बसवलं. सर विचारायचे, मी लिहायचो आणि सेक्रेटरी शेजारच्या कॉटवर पाय हलवत ऐकायचा. मग कोण काय बोलणार? मोरीवरचे माझे दोन सोबतीसुद्धा "काही त्रास नाही, सर" म्हणून सुटले. सेक्रेटरीने तर कळसच चढवला.

"सर, आमच्यात भेदभाव न्हाई. समद्यांचे पेले एका भितीला. कुनी कुनाचाबी उचलतो."

मी शब्दन् शब्द उतरवला. मान वहीत खुपसली होती, ती अक्षर नीट यावं म्हणून असा सरांचा समज झाला असेल तर होवो. मला गुदगुल्या होत होत्या.

सरांना मी एकट्याने गाठून सांगू शकलो असतो. पण एवढ्या जणांनी 'त्रास नाही' म्हटल्यावर माझं एकट्याचं कोण धरणार? शिवाय खरं सांगतो, तक्रार करून माझी भूक भागणार नव्हती. मला सूड हवा होता, पंगतीत वाढलेला, सगळ्यांच्या देखत.

"रविवारी प्राचार्य आणि मी तुमच्याबरोबर जेवतो," सर म्हणाले, "आणि मग निष्कर्ष लिहून टाकतो."

म्हणजे रविवारनंतर माझा खिळा कायमचा बाहेर, वर कॉलेजची शाबासकी!

रविवारी सकाळी सेक्रेटरीने आम्हा तिघांना बोलावलं. "ए, आजच्या दिस तुमचे पेले आत अडकवा. सांजंला पुन्यांदा भायेर."

हुकूम शिरसावंद्य! मी चिंच आणली. पेला असा घासला, असा घासला, की नवऱ्या मुलासारखा दिसू लागला. बाजारातले सगळे पेले एकाच घाटाचे. लकाकी आल्यावर, तो पोचा सोडला तर, कुणाचा कुठला ते ओळखू येईना.

पंगत बसली. प्राचार्य मध्ये, एका हाताला सर, दुसऱ्या हाताला सेक्रेटरी. पाहुण्यांवर छाप पाडायला त्याने माझ्याकडे बोट केलं. "सर, आज पानी ह्योच वाढंल."

आयुष्यात कुठली आज्ञा मी इतक्या प्रेमाने पाळली नाही. माठाशी गेलो, भिंतीवरून पेले काढले, भरभरून वाढले. सेक्रेटरीपुढे शेवटी गेलो. पोच्यावर अंगठा दाबून, कमरेत वाकून.

"घ्या, भाऊ."

ताटात मिलोची, म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी. ती पाण्याशिवाय कुणाच्याही घशाखाली उतरत नसे. त्याने पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मिशी पुसली.

"लई गार हाय," म्हणाला. "आन आनखी."

"आणतो की," मी म्हणालो, पण हात पुढे केला नाही. नुसता उभा राहिलो, हसत.

प्राचार्य सरांना म्हणत होते, "उत्तम! लिहा, एकोपा आदर्श आहे." सरांनी खिशातलं पेन काढलं. तेवढ्यात सेक्रेटरीचं बोट काठाखालच्या पोच्यावर थांबलं. त्याने पेला फिरवला, खाली बघितलं, वर माझ्याकडे बघितलं. तोंडातला घास तसाच राहिला आणि सगळी पंगत ऐकेल अशा आवाजात तो ओरडला,

"आरं, ह्यो तर मोरीवरचा पेला! ह्येचं पानी मला पाजलं व्हय रं?"