एस्तेर फुईचा तारा

नवापूरहून गुजरातच्या हद्दीकडे जाताना टेकड्या सुरू होतात, तिथे आमची आमलीफळी आहे. फळी म्हणजे पाड्याएवढी वस्ती. भात, तूर, थोड्या कोंबड्या, पोटाला कमी पडलं की गुजरातेत मजुरी. वस्तीच्या मधोमध पत्र्याचं प्रार्थनालय, आणि त्याच्या अंगणात इतकं जुनं मोहाचं झाड की ते कोणी लावलं हे विचारायला आता माणूस उरलेलं नाही.

एस्तेर गावीत याच वस्तीतली. सगळ्यांची ती फुई, म्हणजे आत्या. वय साठीकडे झुकलेलं, अंगाने काटकुळी, आणि तोंडावर सदा असा भोळा भाव की अनोळखी माणसाला वाटावं, या बाईला रस्ता ओलांडायलाही हात धरून न्यायला हवं. ओळखीचा माणूस मात्र तिचा चेहरा भोळा दिसला की आपल्या चपला जागेवर आहेत ना ते आधी बघतो.

तिने काय काय उद्योग केले ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. एकच सांगतो. उपासनेला लोक येत नाहीत म्हणून पाळकसाहेब एकदा फार खंत करत होते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी प्रार्थनालयाची घंटा वाजायला लागली, आणि थांबेचना. आग लागली की काय म्हणून माणसं शेतातून धावत आली. बघतात तर घंटेच्या दोराला फुईची शेळी बांधलेली, आणि शेळी समोरच्या पाल्यासाठी हिसके देतेय. फुई म्हणाली, "अगंबाई, खुंटा समजून बांधली की मी." मग पाळकसाहेबांकडे वळून हळूच म्हणाली, "साहेब, आलेच आहेत सगळे, तर उरकून घ्या." पाळक रायसिंग वळवी हे तसे कडक माणूस, विशेषतः दारूच्या बाबतीत. पण त्या दिवशी त्यांनी खरंच उपासना उरकून घेतली.

तर गोष्ट नाताळच्या झाडाची.

आमच्याकडे रीत अशी होती की नाताळ जवळ आला की तरुण मुलं जंगलात जायची आणि बरंसं झाड तोडून आणायची. एका वर्षी मुलांनी आणलेलं झाड फारच डौलदार होतं. उपासना रंगात आली असताना वनरक्षक जालमसिंग आत येऊन मागे उभा राहिला. त्याने टोपी काढली, गाणं ऐकलं, आणि मग झाडाकडे निरखून बघत म्हणाला, "हे तर मी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लावलं होतं." गाणं मधेच थांबलं. सणाचा दिवस म्हणून त्याने पुढे काही केलं नाही, पण पाळकसाहेबांचा चेहरा असा झाला होता की पाहवत नव्हता. त्यामुळे पुढच्या वर्षी त्यांनी आधीच जाहीर केलं, "आपलं झाड पर्यावरणाला धरून असेल. कुऱ्हाड चालणार नाही. काय आणायचं ते कमिटीने ठरवावं."

कमिटी म्हणजे हेमराज. बाकीचे सभासद चहा प्यायचे. हेमराजकडे पिकअप गाडी होती, चार ठिकाणी वट होती, आणि कुठल्याही वस्तूवर आपलं नाव रंगवून घ्यायची हौस होती. प्रार्थनालयाच्या पाण्याच्या टाकीवर त्याचं नाव होतं, पंख्याच्या पात्यांवर होतं. पंखा बंद असला की ते वाचता यायचं, त्यामुळे हेमराज आला की कोणीतरी पंखा मुद्दाम लावायचं. कोण ते सांगायला नको.

हेमराजच्या मनात आणखी एक गोष्ट होती. नाताळ झाला की अंगणातला मोह काढायचा, फरशी करायची आणि वर पत्र्याची शेड टाकायची. सभासंमेलनाला शेड, आणि एरवी त्याच्या पिकअपला सावली. परवानगीचं मी बघतो, असं त्याने कमिटीला सांगून ठेवलं होतं. पाळकसाहेबांनाही त्याने पटवलं होतं. "साहेब, याच झाडाची फुलं वेचून लोक दारू गाळतात. देवाच्या दारात हे शोभतं का?"

ही गोष्ट फुईच्या कानावर आली. पत्र्याचं प्रार्थनालय व्हायच्या आधी लोक त्या मोहाखालीच जमायचे. तिचं आणि जेठ्यामामाचं लग्न त्याच्याच सावलीत लागलं होतं. तिची आई भल्या पहाटे टोपली घेऊन फुलं वेचायची, आणि ज्या वर्षी घरात धान्य नव्हतं त्या वर्षी तीच फुलं उकडून सगळ्यांनी खाल्ली होती. संध्याकाळी ती झाडाच्या बुंध्याला टेकून नुसती बसली. मग जेठ्यामामा शोधत आले तेव्हा त्यांना तिचा चेहरा दिसला. तो एकदम भोळा झाला होता. मामा आल्या पावली परत फिरले.

दुसऱ्या दिवशी हेमराज नंदुरबारला निघाला. चांदमल शेठच्या दुकानात प्लास्टिकचं झाड आहे, ते बघायचं होतं. फुई म्हणाली, "मलाही ने बाबा. मिरच्या घ्यायच्यात." आणि गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

चांदमल शेठचं दुकान बाजारात. भांड्यांपासून फुग्यांपर्यंत सगळं मिळतं. शेठनी खोक्यातून झाड काढलं, एकेक फांदी उलगडली आणि गिऱ्हाईक फुईच आहे असं समजून तिलाच सांगायला लागले, "हाई झाड ली जा मावशी. याले पानी नको, खत नको. एक पान बी गळाव नही."

"गळणार नाही?" फुई हळहळली. "मग शेठ, खालचं खत कसं व्हायचं?"

"खत कशाले जोयजे? ईस वरीस तसंच ऱ्हाई."

फुईने एक फांदी नाकाशी नेली. "शेठ, तुम्ही तर जैन. मुंगीसुद्धा मारत नाही. यावर पाखरू येऊन बसेल का हो?"

"बसनं तर मीच हाकली दिसू," शेठ म्हणाले. "घाण कोन पुसी?"

"आणि वीस वर्षांनी हे मेल्यावर पुरायचं की जाळायचं?"

शेठ हसायला लागले. त्यांनाही बाई पुरती कळली होती. हेमराजकडे बघत ते म्हणाले, "भाऊ, या मावशीले बाजारमा आनू नका, मना धंदाच बसाडी दी." हेमराजला मात्र हसू आलं नाही. प्लास्टिक जाळायचं म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे पाळकसाहेब उभे राहिले होते. झाड खोक्यात परत गेलं.

वाटेत फुई म्हणाली, "हेमराज, मला तर वाटतं कुंडीतलं जिवंत झाड बरं. दरवर्षी तेच. आणि कुंडी मोठी असली की तिच्यावर चार अक्षरंही बसतात."

हेमराजने गाडी जरा हळू केली. त्याच आठवड्यात तो लोणखेड्याच्या रोपवाटिकेतून एक रोप घेऊन आला. थराथरांच्या फांद्यांचं, हिरवंगार, शाळेतल्या पोराच्या खांद्याएवढं. कुंडी मात्र रांजणाएवढी, आणि तिच्यावर लाल अक्षरांत ‘सप्रेम भेट, हेमराज’.

फुई ते बघायला त्याच्या घरी गेली. कुंडीभोवती फिरून तिने भरपूर कौतुक केलं आणि मग एक सुस्कारा टाकला.

"काय झालं फुई?"

"काही नाही रे. सण झाला की काय होईल याची भीती वाटते. एखादी शेळी येईल, शेंडा खाऊन जाईल. मग कुंडीवर तुझं नाव आणि कुंडीत नुसती काडी. लोक काय म्हणतील?"

हेमराजने कुंडीकडे बघितलं. काडी त्याला स्पष्ट दिसली. "मग करू काय?"

"ठराव कर की. रविवारी सगळ्यांसमोर बोल. झाडाला कोणी हात लावायचा नाही म्हणून."

"बरोबर. सांगतो की माझ्या झाडाला कोणी..."

"माझं झाड नको म्हणू," फुई काळजीने म्हणाली. "गर्व दिसतो. पाळकसाहेबांना आवडायचं नाही. असं म्हण, ज्या झाडावर नाताळचा तारा लागेल ते झाड. ऐकायलाही छान वाटतं."

हेमराजला ते फारच छान वाटलं. रविवारी त्याने शर्टाची कॉलर नीट करून सगळ्या मंडळीपुढे सांगितलं, "ज्या झाडावर आपला नाताळचा तारा लागेल, ते झाड देवाच्या घरचं. ते जगेल तोवर त्याच्यावर कोणी कुऱ्हाड चालवायची नाही, फांदी तोडायची नाही. आणि हे मला स्वतःलाही लागू आहे." शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं होतं. पाळकसाहेब इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना आमेन म्हणायला लावलं. सगळ्यात मोठा आमेन बायकांच्या बाजूने आला.

आता राहिला तारा. तो करायचं काम महिला मंडळाकडे, म्हणजे फुईकडे होतं. जेठ्यामामा बांबूच्या टोपल्या विणायचे, त्यामुळे सांगाडा त्यांनी करायचा होता. मामा बांबू चिरत बसले आणि फुई शेजारी उभी राहिली.

"एवढा पुरे," मामा म्हणाले.

"अजून थोडा."

थोड्या वेळाने मामा म्हणाले, "बैलगाडीच्या चाकाएवढा झाला."

"होऊ दे."

"झाड केवढं आहे माहीत आहे ना तुला?"

"कोणतं?" फुईने विचारलं. मामांनी तिच्याकडे बघितलं, आणि पुढचा बांबू उचलला.

बायकांनी त्या सांगाड्यावर जुन्या रंगीत साड्या ताणून शिवल्या. कागद नाही, थर्माकोल नाही. आतून बल्ब सोडला. तारा सांभाळून न्यायला चार बाजूंना चार जणी लागायच्या.

चोवीस तारखेला सूर्य टेकला आणि सगळी फळी अंगणात जमली. कुंडी मधोमध ठेवलेली. तिच्यावरचं नाव सगळ्यांना दिसेल अशी वळवलेली. चार बायका तारा घेऊन आल्या तेव्हा हेमराजच्या तोंडचं हसू जरा पातळ झालं. पण तो पुढे आला. मान त्याचाच होता. तारा शेंड्यावर टेकवला मात्र, रोप नमस्कार घातल्यासारखं वाकलं. हेमराजने तारा वर उचलून धरला, रोप सरळ झालं. खाली आणला, पुन्हा वाकलं. पोरं हसायला लागली.

"छोटा तारा करा!" हेमराज ओरडला.

"बायका आठवडाभर खपल्यात," फुई म्हणाली. "तू सांग त्यांना."

हेमराजने बायकांकडे बघितलं. एकीनेही पदर सावरला नाही, की नजर हलवली नाही. त्याचे हात भरून आले होते. कपाळावर घाम होता.

"अरे, मग तात्पुरता टांगा कुठेतरी!"

"कुठे टांगायचा?"

"कुठेही! त्या मोहावर टांगा!"

हे शब्द संपतात न संपतात तोच वरून दोर खाली आला. जेठ्यामामा मोहाच्या जाड फांदीवर कधीचे बसले होते. कोणी काही म्हणायच्या आत तारा बांधला गेला, वर चढला, आणि कोणीतरी बटण दाबलं. साड्यांचे लाल, पिवळे, निळे तुकडे एकदम उजळले. मोहाची सगळी पानं आतून पेटल्यासारखी दिसायला लागली. मग पाळकसाहेब हळूच म्हणाले, "तारा लागला."

आणि बायकांच्या बाजूने आमेन आला.

हेमराज रिकाम्या हातांनी उभा होता. त्याला सगळं एकदम उमगलं ते त्याच्या मानेवरून कळलं. ती आधी मोहाकडे वळली, मग कुंडीकडे, मग फुईकडे.

"फुई, हे तू ठरवून केलंस."

"मी?" फुई म्हणाली. "तारा तू उचललास, ठराव तू केलास, मोहाचं नावही तूच घेतलंस. मी तर मिरच्या आणायला गेले होते."

मागे आदल्या वर्षीसारखाच जालमसिंग उभा होता. तो पुढे आला, मोहाच्या बुंध्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "यंदाचं झाड मात्र जिथल्या तिथे आहे." पाळकसाहेबांना आधी हसू आलं, मग खोकला आला, मग पुन्हा हसू आलं. त्या रात्रीचा उपदेश त्यांनी घरून लिहून आणला होता, पण तो बाजूला ठेवून ते झाडाखाली जमलेल्या जुन्या माणसांबद्दल बोलले. जेवणाच्या पंगतीला हेमराज नव्हता. फुईने त्याचं ताट झाकून स्वतः त्याच्या घरी नेलं. दार उघडलं गेलं, ताट आत गेलं, दार बंद झालं. पण सकाळी ताट घासून परत आलं, तेव्हा फुई म्हणाली, "चला, राग पोटापर्यंत पोचलेला नाही."

शेड पुढे शाळेच्या बाजूला झाली. कुंडीतलं रोप हेमराजने घरी नेलं, आणि ते चांगलं वाढतंय.

अडचण झाली ती पाळकसाहेबांची. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाची फुलं गळायला लागली. नाताळच्या झाडाच्या फुलांची दारू झाली तर केवढी नाचक्की! त्यांनी फुईला बोलावून सांगितलं की एकूण एक फूल तूच वेचायचं. फुईने वेचली, वाळवली, भाजली, तीळ घालून कुटली आणि लाडू करून डबा पाळकसाहेबांच्या घरी पाठवला. साहेबांना लाडू फार आवडले. तिसरा लाडू संपल्यावर त्यांनी कशाचे म्हणून विचारलं, तेव्हा फुईने सांगितलं. साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "डबा राहू दे इथेच."

आता या वर्षी शेजारच्या वस्तीतली माणसं फुईकडे आली होती. त्यांनाही पर्यावरणाला धरून झाड हवं आहे, आणि कोणतं निवडावं ते कळत नाही. फुईने त्यांना चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं. मग अगदी भोळ्या चेहऱ्याने विचारलं, "तुमच्याकडे सध्या कोणतं झाड पाडायचं घाटतंय?"

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातला एकजण, नवनीत, चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "एक चिंच आहे."

जेठ्यामामा ओट्यावर बसले होते. ते उठले आणि बांबू बघायला परसात गेले.