सुरुपसिंगची कमांडर

धडगावच्या स्टँडवर जीपगाड्यांची रांग लागे तेव्हा सुरुपसिंग पावराची जुनी कमांडर बाजूला कडुनिंबाखाली उभी असे. रांगेत लागून उपयोग नव्हता. नव्या बोलेरो आणि क्रूझर गच्च भरल्याशिवाय तिच्याकडे कुणी वळून पाहत नसे. पण नर्मदेच्या उताराला कुंड्यापाडा म्हणून वस्ती आहे, तिकडे जायचं असलं की माणसं आपसूक कडुनिंबाखाली येत. त्या रस्त्याला डांबर नाही. दोन ठिकाणी तर रस्ता म्हणजे नाल्यातले दगडच. नवी गाडी असलेला कुणी तिकडे जात नसे. सुरुपसिंग जायचा.

त्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांवर गेलं होतं. आधी शहाद्याच्या एका ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग एका शेठची हीच कमांडर. शेठने नवी गाडी घेतली आणि ही काढायची ठरवली, तेव्हा सुरुपसिंगच्या बायकोने, रूपलीबाईने, अंगावरची चांदी काढून त्याच्या हातात दिली होती. तेव्हापासून पाड्यापाड्यांवर त्याला त्याच्या नावाने कमी आणि ‘कमांडरवाला’ म्हणून जास्त ओळखत. त्याला ते आवडायचं. बोलून दाखवायचा नाही, पण सकाळी काच पुसताना त्याचा हात जरा जास्तच वेळ फिरायचा.

रेडिएटर गळायला लागला तो पावसाळ्यात. कुठल्याशा उतारावर दगड उडून खालच्या बाजूला लागला असावा. सुरुवातीला थेंब थेंब पाणी. ते त्याने कपड्याच्या साबणाची वडी दाबून बंद केलं. साबण सुटला तेव्हा हळद टाकली. घाटातले सगळे जुने ड्रायव्हर हेच करतात. मूठभर हळद पाण्यातून आत सोडायची, ती फुगते, भोकाशी जाऊन बसते, आणि चार दिवस तरी निभतात. सुरुपसिंगची गाडी त्या दिवसांत तापली की आमटी उतू गेल्यासारखा वास यायचा आणि आत बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

दिवाळीनंतर ते हसणंही थांबलं. अर्धा डोंगर ऊसतोडीला गुजरातेत गेला, पाडे ओस पडले, आणि बाजाराचा दिवस सोडला तर जीप भरेना. मिळायचं ते डिझेलात जायचं. तशात सुरुपसिंग शहाद्याला लोटन मिस्तरीकडे गेला. लोटन रेडिएटरचंच काम करायचा. त्याने एकदा डाग देऊन भोक झाळून दिलं, महिन्याने पुन्हा झाळून दिलं. तिसऱ्यांदा मात्र त्याने रेडिएटर काढून पाण्याच्या टाकीत बुडवला, हवा भरली, आणि एका जागेऐवजी पाच-सहा जागांहून बुडबुडे आले ते सुरुपसिंगला दाखवले.

“आते झाळीसन काही उपेग नई, सुरुपभाऊ,” लोटन म्हणाला. “हयद टाकी टाकी मझारल्या नळ्या बुजी गयात. दुसरा रेडिएटरच टाकना पडी.”

हळदीने भोकं बुजली होती तशा पाणी फिरायच्या नळ्याही बुजल्या होत्या. म्हणजे गळती थांबली तरी इंजिन तापणारच. लोटनकडे भंगारातल्या एका गाडीचा रेडिएटर होता, जुना पण धड. होळीला माणसं तोडीवरून परततात, तेव्हा फेऱ्या वाढतात; तेव्हा येऊन बसवून घेतो, असं सुरुपसिंगने सांगितलं. लोटनने तो रेडिएटर मागच्या भिंतीला टांगून ठेवला, कुणाला देणार नाही म्हणाला. सुरुपसिंग मागे दोन कॅन पाणी घेऊन, रेडिएटरचं झाकण अर्धवट सैल ठेवून, चढ आला की थांबत थांबत गाडी चालवत राहिला. झाकण सैल असलं की आत दाब धरत नाही आणि गळती कमी होते. पाणी लवकर उकळतं, पण त्याला इलाज नव्हता.

होळीच्या थोडं आधी, बाजाराच्या दिवशी, दुपारी नंदुरबारहून शववाहिका आली आणि स्टँडच्या कोपऱ्यावर थांबली. तिच्यातून कुंड्यापाड्याची दगूबाई उतरली, आणि तिचा भाऊ नारसिंग. आत दगूबाईची मुलगी आशा होती. सिकलसेलची पोर. लहानपणापासून अंग दुखायचं, दवाखाने चालायचे, तरी बारावी झाली होती आणि पाड्यावरच्या पोरांना अंगणवाडीत गोळा करून बसवायची. या वेळी दुखणं छातीत गेलं आणि ती उठली नाही.

शववाहिका धडगावपर्यंतच येऊ शकत होती. ती लांबलचक गाडी पुढच्या दगडांत उतरलीच नसती, हे नारसिंगलाही दिसत होतं. तो रांगेतल्या जीपवाल्यांकडे गेला. बाजाराचा दिवस, सगळ्यांच्या गाड्या भरलेल्या. आणि रिकाम्या असत्या तरी मढं घेऊन त्या रस्त्याला कोण जाणार? कुणी नाही म्हटलं नाही, पण सगळे इकडेतिकडे बघत राहिले. शेवटी नारसिंग कडुनिंबाखाली आला.

सुरुपसिंगने त्याला बॉनेट उघडून दाखवलं. खाली मातीत ओला डाग पडला होता. एवढ्याशा रस्त्यात गाडी कितीदा थांबेल सांगता येत नाही, कदाचित पोचणारही नाही, असं त्याने सरळ सांगितलं. नारसिंग त्या ओल्या मातीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पाणी आम्ही आणू. तू फक्त चालव.”

मागची बाकडी उभी करून त्यांनी आशाला मध्ये ठेवलं. दगूबाई तिच्या डोक्याशी बसली. तिच्याजवळ दवाखान्यातली पिशवी होती, तीत एक चादर, कंगवा आणि पाण्याची अर्धी बाटली.

पहिला चढ गाडीने बरा काढला. दुसऱ्या चढाच्या मध्यावर काटा वर गेला आणि बॉनेटखालून वाफ आली. सुरुपसिंगने गाडी कडेला थांबवून चाकाला दगड लावला, गोणपाट ओलं करून झाकणावर टाकलं आणि वाफ बसेपर्यंत वाट पाहिली. पळसाला पानं नव्हती, नुसती फुलं होती. खाली नाला कोरडा पडला होता. अर्धा कॅन आत गेला. तेवढाच रस्ता पुढे गेल्यावर पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. दोन्ही कॅन संपले तेव्हा कुंड्यापाड्याची शेवटची चढण अजून समोर होती.

नारसिंग कॅन घेऊन नाल्यात उतरला. वाळूत कुठे झिरा खोदलेला असला तर पाणी मिळालं असतं. तो लांब वळणामागे दिसेनासा झाला. ऊन उतरायला लागलं होतं. सुरुपसिंग बॉनेटपाशी उभा होता, कारण मागे जाऊन दगूबाईसमोर उभं राहायचं त्याला धाडस होत नव्हतं. माश्या यायला लागल्या होत्या, आणि ती पदराने एकसारखी वारत होती. आपण नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं. धडगावात सावली तरी होती. कुणीतरी उशिरा का होईना तयार झालं असतं.

थोड्या वेळाने दगूबाई स्वतःच खाली उतरून पुढे आली आणि तिने पिशवीतली बाटली त्याच्यापुढे धरली.

सुरुपसिंगने हात मागे घेतला. आशाची बाटली होती, हे त्याला न सांगता कळलं.

“राहू द्या बाई. नारसिंग आणतो आहे.”

“घे,” दगूबाई म्हणाली. “तिला आता तहान लागत नाही.”

त्याने बाटली घेतली. तेवढ्या पाण्याने काहीच होणार नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी त्याने एक थेंब बाहेर न सांडता ते आत ओतलं. दगूबाई शेजारी उभी राहून बघत होती. रिकामी बाटली तिने परत मागून घेतली आणि पिशवीत ठेवली.

नारसिंगला झिरा सापडला होता, पण वाटीवाटीने भरावं लागलं. कॅनमध्ये गढूळ पाणी होतं, निम्म्याहून कमी. ते गाळायलाही कुणाला सुचलं नाही. सुरुपसिंगने गाडी सुरू केली तेव्हा इंजिनाचा आवाज बदललेला त्याला ऐकू आला. मागे पांढरा धूर येत होता. गॅस्केट गेलं होतं, पाणी इंजिनात शिरत होतं. इथेच थांबवली तर इंजिन वाचेल, कधी दुरुस्त होईल. चढाला घातली तर राहणार नाही. त्याने आरशात पाहिलं. दगूबाईने आशाचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं, चढावर आपटू नये म्हणून.

त्याने पहिला गिअर टाकला.

गाडी चढली. अगदी माथ्यापर्यंत नाही, पण पाड्यावरची घरं दिसतील इतकी चढली. मग आत काहीतरी करकरलं आणि इंजिन एकदम बंद पडलं. चावी फिरवून ते परत हललं नाही. सुरुपसिंगने फिरवली एकदाच. वरून माणसं धावत येत होती. त्यांनी बांबूला चादर बांधून झोळी केली आणि आशाला उचललं. सुरुपसिंगने मागच्या बाजूने खांदा दिला आणि तोही त्यांच्याबरोबर वर गेला. अंगणात तिला ठेवलं आणि बायांचा आक्रोश उठला, तेव्हा कुणाला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. तो कुडाला टेकून बसून राहिला. गाडीचं भाडं त्याने मागितलं नाही, आणि त्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

होळीनंतर लोटन मिस्तरी स्वतः एस.टी.ने धडगावला आणि तिथून सुरुपसिंगबरोबर पायी गाडीपर्यंत आला. त्याने इंजिन उघडलं, आत बोट घातलं, बाहेर काढून पाहिलं आणि ते मातीला पुसलं. नुसता रेडिएटर बदलून आता काही होणार नव्हतं. इंजिन नवं घ्यायचं तर तेवढ्या पैशांत दुसरी गाडी आली असती. दोघांनी कुंड्यापाड्यावर नारसिंगच्या घरी काळा चहा घेतला. निघताना लोटनने विचारलं, भिंतीवरचा रेडिएटर दुसऱ्या कुणाला देऊ का? सुरुपसिंग दे म्हणाला.

गाडी ओढून न्यायची सोय नव्हती. भंगारवाल्याने माणसं पाठवून ती जागेवरच कापली. त्या दिवशी जाऊ नकोस, असं रूपलीबाईने त्याला दोनदा सांगितलं. तो गेला. दारं वेगळी, छप्पर वेगळं, चाकं वेगळी करून त्यांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरली. रस्त्यावर तेलाचा काळा डाग आणि काचेचे बारीक तुकडे राहिले. पोरं अनवाणी येतात म्हणून सुरुपसिंगने ते तुकडे वेचून बाजूच्या झुडपात टाकले, मग घरी आला. दोन दिवस तो फारसं जेवला नाही. रूपलीबाईने विचारलं नाही, ताट मात्र वाढत राहिली.

आता तो एकाच्या बोलेरोवर ड्रायव्हर आहे. धडगाव ते शहादा, डांबरी रस्ता, गाडी नवी, मालक बरा. पगार वेळेवर मिळतो, आणि पूर्वी कधी नव्हतं इतकं घर सुरळीत चाललं आहे, असं रूपलीबाई शेजारणींना सांगते.

मध्यंतरी एका बाजाराच्या दिवशी दगूबाई स्टँडवर भेटली. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं होतं, हातात तेलाची बरणी. पहिल्यापेक्षा खूप वाळलेली. तिने त्याला ओळखलं आणि जवळ येऊन विचारलं, कुंड्यापाड्याला येतोस का?

“ही गाडी तिकडे जात नाही, बाई,” तो म्हणाला. “मालक घालू देत नाही.”

दगूबाईने मान हलवली. नाराज झाल्यासारखी दिसली नाही. आता तिकडे कुठलीच गाडी जात नाही, हे तिला ठाऊक होतंच, नुसतं विचारून बघितलं होतं. तिने गाठोडं डोक्यावर नीट केलं आणि ती स्टँडवरून बाहेर पडली. सुरुपसिंगच्या गाडीत माणसं भरत होती. कुणीतरी मागून गाडी काढा म्हणून हाक दिली. दगूबाई कच्च्या रस्त्याला लागेपर्यंत तो दाराला हात लावून उभा राहिला, मग चढून बसला.