सात नंबरचा खुराक

मेंढ्यांच्या प्रकल्पावर चार वर्षं काढली की सदऱ्याला लोकर चिकटते तसे किस्से चिकटत जातात. परभणीबाहेरच्या आमच्या गोठ्यावर काम एकच होतं: कळपात राहणारी प्रत्येक मेंढी रोज किती खाते ते मोजायचं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं!

*

पहिल्याच दिवशी मी मेंढ्यांच्या पाठीवर रंगानं नंबर घातले. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकमेकींना अंग घासून सगळे नंबर पुसून टाकले. मेंढ्या सांभाळायला बोरीचे सोपानमामा होते. ते एकेकीकडे बोट दाखवत नंबर सांगत गेले, नुसत्या तोंडावरून. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

*

मग एकेकीला वेगळ्या खणात बांधलं. समोर चारा, शेजारी वजनकाटा आणि मेंढी उपाशी. पलीकडच्या कळपाकडे तोंड करून नुसती ओरडायची.

मामा म्हणाले, "सायब, एकटीनं जेवायची सवय न्हाई तिला."

शेवटी मामा आपली भाकरी घेऊन खणात बसले, तेव्हा कुठं तिनं चाऱ्याला तोंड लावलं. अहवालात मामांचं नाव घालायचं मात्र माझ्याकडून राहिलं.

*

मग मशीन आलं. मेंढीच्या कानात बिल्ला. तो ओळखला की गव्हाणीचं दार उघडणार आणि जेवढा खुराक जाईल तेवढा तिच्या नावावर चढणार. दार मिटायला जरा वेळ लागायचा, एवढंच. कॉम्प्युटरवर खाण्यात सात नंबर रोज पहिली यायची. मी खूश.

सात नंबर मामांच्या घरची होती. मामींनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, आता गाभण. प्रयोग संपला की परत न्यायची, असं ठरलं होतं.

मामा तीनदा येऊन सांगून गेले, "दार तिच्यासाठी उघडायलंय, पर खायलीय दुसरीच. ती दांडगी हिला ढकलून तोंड घालायलीय."

तिन्ही वेळा मी त्यांना स्क्रीन दाखवली. गोठ्यात जाऊन दहा मिनिटं उभा राहिलो असतो तरी पुरलं असतं.

चौथ्यांदा त्यांनी फक्त विचारलं, तिला हातानं दोन मुठी भरडा चारू का?

मी म्हणालो, "नको मामा, आकडे बिघडतील."

मामा शब्दाचे पक्के. त्यांनी चारला नाही. याची मला आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात एका सकाळी सात नंबर उठलीच नाही. मामांनी तिच्या कानातला बिल्ला काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला. आवाजात राग नव्हता.

"सायब, काल किती खाल्लं तिनं, जरा बघून सांगता का?"

मी बघितलं. कळपात सगळ्यात जास्त.